ताणलेली दोरी कोणी धरायची?

ओहायोत आमच्या शेजारी एक निवृत्त लाइनमन राहतात. दर सप्टेंबरात त्यांच्या गॅरेजचं दार दिवसभर उघडं असतं आणि आत लाकडी टेबलावर दोन हत्यारं मांडलेली असतात. एक त्यांचं जुनं कंपाउंड धनुष्य, आणि दुसरा खांद्याच्या ऑपरेशननंतर घेतलेला क्रॉसबो. पाहायला गेलं तर एक धनुष्य आणि एक बंदुकीसारखं काहीतरी. पण दोन्हींतून बाणच सुटतो, दोन्हींनी हरणाचीच शिकार होते, आणि या दोन्हींवरून अमेरिकेतले शिकारी गेली कित्येक वर्षं एकमेकांशी भांडत आहेत. ‘क्रॉसबो म्हणजे फसवणूक’ असं एक बाजू म्हणते, तर दुसरी म्हणते, ‘तुमच्या कप्प्या लावलेल्या धनुष्यात तरी कुठलं रामायण राहिलंय!’

मी शिकारी नाही. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर चितळ-सांबराची शिकार म्हणजे थेट तुरुंग, त्यामुळे हरीण मारणं हा हौसेचा विषय असू शकतो हेच मला इथे आल्यावर कळलं. पण दर उन्हाळ्यात आई येते, परसात भेंडी-टोमॅटो लावते, आणि पहाटे पाच-सहा हरणं येऊन सगळं शेंड्यापासून खाऊन जातात. “ही हरणं की शेळ्या?” असं तिने विचारलं, तेव्हा मी शेजाऱ्यांच्या गॅरेजात जाऊन बसायला लागलो.

हे हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं, आपल्या चितळाच्याच कुळातलं. १९०० च्या सुमाराला बेसुमार शिकारीने ते अमेरिकेत चार-पाच लाखांवर येऊन ठेपलं होतं. कायदे झाले, हंगाम ठरले, परवाने आले. दुसरीकडे पूर्वेकडच्या राज्यांतून लांडगे आणि कूगर (प्यूमा, म्हणजे मोठी रानमांजरं) जवळजवळ नाहीसे झाले. आज देशभरात हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. रस्त्यावर गाडीसमोर हरीण येऊन होणारे अपघात वर्षाला दहा लाखांहून जास्त. शहरांच्या कडेच्या वस्त्यांत रायफल चालवणं धोक्याचं, कारण चुकलेली गोळी मैलभर जाऊ शकते. बाण मात्र मचाणावरून खाली मारला की चुकला तरी मातीत रुततो. म्हणून अशा ठिकाणी हरणं आटोक्यात ठेवायला धनुष्यच बरं पडतं.

तर आधी कंपाउंड. हे हत्यार मराठी वाचकाला खरं तर परकं नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यात सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही वैयक्तिक जगज्जेते झाले, ते याच धनुष्यावर. दोन टोकांना चाकं आणि मध्ये दोऱ्यांचं जाळं, असं टीव्हीवर दिसलं ते कंपाउंड. ऑलिंपिकमध्ये आजवर दिसलं ते रिकर्व्ह, त्याला चाकं नसतात. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये कंपाउंडही मिश्र सांघिक प्रकारात येणार आहे.

ही चाकं कशासाठी? साधं धनुष्य जितकं ओढाल तितकं जड होत जातं. पूर्ण ताणल्यावर, म्हणजे नेमका नेम धरायच्या वेळी, हातावर सगळ्यात जास्त भार असतो. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळालं. त्यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या लावल्या, पण आस मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवली. आजच्या कंपाउंडमधल्या अशा चाकाला कॅम म्हणतात. दोरी ओढताना कॅम फिरतो, आणि फिरता फिरता दोरीच्या बाजूची त्रिज्या वाढत जाते. नट सैल करताना लांब दांड्याचा पाना घेतला की जोर कमी लागतो, तसंच हे. शेवटच्या टप्प्यात तुमच्या हाती एकदम लांब पाना येतो. धनुष्याच्या पात्या तितक्याच वाकलेल्या असतात, ताकद तितकीच साठलेली असते, पण बोटांवरचा भार उतरतो. या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात. सत्तर पौंडाचं, म्हणजे ओढायला साधारण ३२ किलोचा जोर लागणारं धनुष्य ऐंशी टक्के लेट-ऑफचं असेल, तर पूर्ण ताणल्यावर हातात फक्त १४ पौंड, सव्वासहा किलोच राहतात.

शेजाऱ्यांनी मला ते ओढून पाहायला दिलं, पन्नास पौंडांवर उतरवून. पहिल्या अर्ध्या अंतरात मानेच्या शिरा फुगल्या, डावा खांदा वर चढला आणि मला वाटलं, हे काही जमायचं नाही. मग एकदम काहीतरी आतल्या आत घरंगळलं आणि दोरी हलकी झाली. हात भिंतीला टेकल्यासारखा मागे थांबला. इथे लोक त्याला ‘वॉल’च म्हणतात. मी खूश होऊन हात किंचित सैल सोडला, तर धनुष्याने मला पुढे असा हिसका दिला की हनुवटी दंडावर आपटली. “झोपलेल्या कुत्र्याची शेपटी धरलीये असं समज,” ते म्हणाले.

या एका वाक्यात बरंच आलं. कंपाउंड हलकं होतं, पण सोडता येत नाही. ताणल्यापासून बाण सुटेपर्यंत दोरी माणसाच्या हातात असते. मनगटाला बांधलेल्या रिलीजच्या, म्हणजे दोरी सोडायच्या साधनाच्या आकड्यात अडकलेली असते हे खरं, पण तो आकडाही मनगटच ओढून धरतं. अर्धा मिनिट सहज, मिनिटभर कष्टाने, त्यापुढे हात थरथरायला लागतो.

क्रॉसबोत ही दोरी यंत्र धरतं. धनुष्य आडवं करून बंदुकीच्या दस्त्यावर बसवलेलं असतं. पुढच्या रिकिबीत पाय घालून, दोरखंडाच्या साधनाने किंवा हँडल फिरवून दोरी मागे आणली की ती एका खिट्टीत अडकते. मग तुम्ही चहा प्या, डुलकी काढा, दोरी तिथेच. उंदराचा सापळा लावून ठेवावा तशी. चाप ओढला की खिट्टी पडते आणि बाण जातो. कल्पना फार जुनी आहे. चीनमधल्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्यासोबत क्रॉसबोचे काशाचे चाप सापडले आहेत.

इथे एक गैरसमज काढून टाकू. आजच्या बहुतेक क्रॉसबोंनाही कॅम असतात. म्हणजे ‘कंपाउंड विरुद्ध क्रॉसबो’ हा चाकं असण्या-नसण्याचा वाद नाहीच. दस्त्यावर आडवं ठेवलेलं कंपाउंड धनुष्य म्हणजेच आजचा क्रॉसबो. फरक एवढाच, की ताणलेली दोरी कोणी धरायची.

दुकानात मात्र बोलणं होतं ते पौंडांचं. क्रॉसबोवर १७५ पौंड लिहिलेलं, कंपाउंडवर ७०. अडीचपट ताकद! असं वाटणं साहजिक आहे, आणि चूक आहे. बाणाला मिळणारी ऊर्जा नुसत्या जोरावर ठरत नाही, तो जोर किती अंतरभर लागला यावरही ठरते. कंपाउंडची दोरी बाणाला सुमारे २० इंच ढकलते, क्रॉसबोची १३-१४ इंच. ७० गुणिले २० म्हणजे १४००, आणि १७५ गुणिले १३ म्हणजे २२७५. हिशेब ढोबळ आहे, कारण ओढ सगळीकडे सारखी नसते, पण गुणोत्तर कळायला पुरतो. अडीचपटीचं दीड-पावणेदोनपट झालं.

आता सुटलेल्या बाणाकडे बघू. कंपाउंडचा २७ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने निघाला, तर त्यात सुमारे १०० ज्यूल ऊर्जा असते. क्रॉसबोचा २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ११६ मीटरने निघाला, तर सुमारे १७५. पुन्हा तेच गुणोत्तर. आणि हरणासाठी १०० ज्यूलही भरपूर आहेत. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. टोकाची धारदार पाती आरपार जाऊन रक्तस्राव होतो आणि त्याने हरीण मरतं. दोन्ही फुप्फुसांतून नीट गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं, बऱ्याचदा शंभर यार्डांच्या आत (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासं कमी). चुकीच्या जागी लागला तर पावणेदोनपट ऊर्जा काहीच कामाची नाही. ‘जिव्हारी लागणं’ हा वाक्प्रचार आपण टोमण्यांसाठी वापरतो. इथे तो शब्दशः घ्यायचा: जिव्हार म्हणजे पुढच्या पायाच्या मागची, साधारण वीत-सव्वा वीत रुंदीची जागा. बाण तिथे गेला पाहिजे.

मग क्रॉसबो लांबून मारता येतो, हे तरी खरं ना? कागदावर हो. दस्ता गालाशी, वर दुर्बीण, चाप बंदुकीसारखा. नवखा माणूस एका दुपारी टेबलावर टेकवून तीस-चाळीस यार्डांवर बाणाशेजारी बाण लावू शकतो. कंपाउंडवर तेवढं यायला काही महिने रोज सराव लागतो. पण निशाणाचा ठोकळा कान टवकारत नाही.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीस मीटरवरच्या हरणाच्या कानात दोरीचा ‘थड्’ पोचतो ०.०९ सेकंदात. कंपाउंडचा बाण पोचतो ०.३५ सेकंदात आणि क्रॉसबोचा ०.२६ मध्ये. म्हणजे आवाज ऐकल्यापासून बाण येईपर्यंत हरणाकडे एकीकडे पाव सेकंद असतो, दुसरीकडे त्याहून थोडा कमी. दचकलेलं व्हाइटटेल पळायच्या आधी खाली दबतं, उडी मारायला पाय दुमडतं. तेवढ्यात ते बोटभर-वीतभर खाली जातं आणि फुप्फुसांवर धरलेला बाण पाठीवरून जातो. शिकारी म्हणतात, हरणाने दोरी चुकवली. क्रॉसबो जलद आहे खरा, पण बहुतेक वेळा त्याचा आवाजही मोठा असतो. वेगाने कमावलेलं काही आवाजात जातं. अंतर पन्नास मीटर झालं तर क्रॉसबोच्या बाणालाही ०.४३ सेकंद लागतात. न दचकलेलं, शांतपणे चरणारं हरीणसुद्धा तेवढ्या वेळात एक पाऊल पुढे टाकतं. बाण जातो पोटात, आणि मग ते हरीण तासन्‌तास तडफडतं, कदाचित सापडतही नाही.

शिवाय गोळी आणि बाण यांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीस मीटर जाईपर्यंत क्रॉसबोचा बाण नेमाच्या सरळ रेषेपासून ३३ सेंटीमीटर खाली येतो, कंपाउंडचा ६१. म्हणून क्रॉसबोच्या दुर्बिणीत वीस, तीस, चाळीस यार्डांसाठी एकाखाली एक खुणा असतात आणि कंपाउंडच्या साइटवर तशाच पिना. हरीण तीस यार्डांवर आहे की चाळीस, हा अंदाज चुकला की दोन्ही हत्यारं सारखीच चुकवतात. दुर्बीण पाहून माणसाला मनातून रायफल हातात असल्यासारखं वाटायला लागतं, आणि माझ्या मते क्रॉसबोचा सगळ्यात मोठा दोष यंत्रात नसून या वाटण्यात आहे. शेजाऱ्यांनी स्वतःला घातलेली मर्यादा दोन्ही हत्यारांना एकच आहे, पस्तीस यार्ड.

मग क्रॉसबोचा खरा फायदा कुठे आहे? बाण सुटायच्या आधीच्या दहा सेकंदांत.

नोव्हेंबरची पहाट. जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर झाडाला बांधलेलं मचाण, कमरेला सुरक्षेचा पट्टा. हा पट्टा न बांधता पडून जायबंदी होणारे शिकारी खूप, हे जाता जाता. हरीण येतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. शिकाऱ्याचं नारिंगी जॅकेट त्याला आपल्यासारखं भडक दिसत नाही, पण हालचाल लगेच दिसते. आता कंपाउंडवाल्याला एक हात पुढे करून दुसरा कानापर्यंत मागे न्यायचाय. ही हालचाल लपत नाही. म्हणून तो हरणाचं डोकं झाडामागे जाण्याची वाट पाहतो. गेलं, ओढलं. आणि हरीण तिथेच थांबलं! झाडामागे, एकोर्न (ओकची फळं) खात. एक मिनिट. दंड पेटतो. सोडावं तर हालचाल, धरावं तर थरथर. कंपाउंडवरच्या शिकारीतल्या कितीतरी गोष्टी इथेच संपतात, बाण न सुटता.

क्रॉसबोवाला? त्याची दोरी केव्हाच ताणलेली आहे. दस्ता मचाणाच्या कठड्यावर टेकवलाय. त्याला एक बोट हलवायचंय.

बस, भांडणाचं मूळ हेच. अमेरिकेत हरणाचा हंगाम हत्यारानुसार वाटलेला असतो. ओहायोत बाणांचा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, तर बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून जेमतेम आठवडाभराचा. हरणांचा माजाचा काळ येतो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. एरवी रात्रीच फिरणारे मोठे नर तेव्हा भर दिवसा माद्यांमागे धावत असतात. हा सोन्यासारखा काळ पडतो बाणवाल्यांच्या वाट्याला. तो त्यांना का दिला? तर बाणाने शिकार अवघड, हरणं कमी मरतात, म्हणून. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुष्यासाठी वेगळा हंगाम दिला, तोही याच समजुतीवर. मग ज्याला महिन्यांचा सराव नको, मोक्याच्या क्षणी ओढायचं नाही, त्या हत्याराला या हंगामात घ्यायचं का?

आधी बहुतेक राज्यांनी फक्त अपंगांना परवानगी दिली होती. ओहायोने १९७० च्या दशकातच दार उघडलं. पेनसिल्व्हेनियाने २००९ मध्ये, विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये. ऑरेगनमध्ये क्रॉसबोने शिकार करायला बंदी आहे. धनुष्याने मारलेल्या मोठ्या शिंगांची नोंद ठेवणारा पोप अँड यंग क्लब क्रॉसबोची शिकार आपल्या वहीत घेत नाही. गंमत म्हणजे याच क्लबने पूर्वी पासष्ट टक्क्यांहून जास्त लेट-ऑफच्या कंपाउंडलाही बाहेर ठेवलं होतं. ज्यांना काल यंत्र म्हणून हिणवलं, तेच आज परंपरेचे राखणदार. हा वाद युरोपातही झाला होता, जरा वेगळ्या कारणाने. ११३९ च्या लॅटरन धर्मसभेने ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांवर क्रॉसबो आणि धनुष्य चालवायला मनाई केली. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड क्रॉसबोच्या बाणाच्या जखमेनेच मेला.

माझं मत विचाराल तर राज्यांनी केलं ते बरंच केलं. शिकाऱ्यांचं सरासरी वय वाढतंय, खांदे झिजतायत, आणि हरणं काही कमी होत नाहीयेत. शेजाऱ्यांनी बाहत्तराव्या वर्षी शिकार सोडली असती, तर आमच्या गल्लीत त्यामुळे कोणाचं भलं झालं असतं? पण ‘दोन्ही सारखंच’ असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. सारखं नाहीच ते.

क्रॉसबोची दोरी यंत्र धरतं, त्याची किंमतही यंत्राच्याच भाषेत द्यावी लागते. वजन तीन-साडेतीन किलो, आणि तेही पुढच्या टोकाकडे. कंपाउंड दोन किलोच्या आसपास. टेकू न घेता क्रॉसबो उभ्याने धरला तर टोक डुलायला लागतं. आडव्या पात्यांना दोन्ही बाजूंनी मोकळी जागा लागते. झाडाच्या खोडाला किंवा लपायच्या तंबूच्या खिडकीला पाती टेकलेली असताना चाप ओढला, तर बाण भलतीकडे जातो आणि हत्यार फुटू शकतं. डाव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून वर आला तर दोरी तो कापते. हे भीती घालायला सांगत नाही, शेजाऱ्यांच्या क्रॉसबोवर अंगठ्याच्या जागी लाल नेलपॉलिशची रेघ आहे, नातीने मारून दिलेली. बाण न लावता दोरी सोडणं दोन्ही हत्यारांना घातक आहे. बाणाने न्यायची ऊर्जा मग पात्यांत आणि दोऱ्यांतच फुटते. क्रॉसबोत ते टाळायला बहुतेक वेळा वेगळा खटका असतो.

दुसरा बाण ही क्रॉसबोची आणखी एक दुखरी बाजू. कंपाउंडवाला भात्यातून बाण काढून काही सेकंदांत पुन्हा तयार होतो. क्रॉसबोवाल्याला मचाणावर वाकून, रिकिबीत पाय घालून, दोरखंडाने अर्धा झालेला तरी चाळीस किलोचा जोर लावायचाय, आणि दोन्ही बाजू सारख्याच ओढायच्या, नाहीतर बाण डावी-उजवीकडे जातो. हँडलने जोर फारसा लागत नाही, पण वेळ जातो. तोवर हरीण पुढच्या तालुक्यात. त्यामुळे क्रॉसबोवाल्यांनी पहिलाच बाण शेवटचा धरून चालावं हे उत्तम.

घ्यायचं कोणतं, हे मला इथे आलेले दोन-तीन मराठी मित्र विचारतात. एकाने हंटर एज्युकेशनचा कोर्सही केलाय, त्याची बायको त्याला ‘प्रभू रामचंद्र’ म्हणते. किमतीवर ठरवू नका, दोन्हींत काहीशे डॉलरपासून दोन हजारांच्या पुढेपर्यंत सगळं मिळतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास बाण मारायची तयारी आणि धड खांदे असतील तर कंपाउंड. ते संसारात रुळतं, वर्षभर खेळता येतं, बाण दोन बोटं चुकला तर आपलं काय चुकलं ते सांगतं. खांदा दुखरा असेल, किंवा वर्षातून चारच शनिवार रानात जायला मिळत असतील, तर क्रॉसबो. सराव न केलेल्या कंपाउंडवाल्याने हरीण जखमी करून सोडण्यापेक्षा ते शंभर पटीने चांगलं. राज्याचे नियम मात्र दरवर्षी नव्याने वाचायचे.

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी शेजारी मोकळ्या हाताने परत आले. दिवसभर एकही हरीण नाही. हातात कंपाउंड असतं तर बाण भात्यात टाकून ते तसेच घरात गेले असते. पण त्यांच्या क्रॉसबोची दोरी पहाटे साडेपाचपासून ताणलेली होती, आणि त्यांच्या त्या मॉडेलात ती हळूच उतरवायची सोय नाही. त्यांनी परसात मातीच्या ढिगाऱ्यासमोर फोमचा ठोकळा ठेवला, जुना बोथट बाण लावला आणि अंधारात दहा पावलांवरून चाप ओढला. थड्. आमच्या कुंपणापाशी भेंडीच्या वाळलेल्या ताटांत उभी असलेली दोन हरणं टुणकन उडी मारून पळाली.